वीस दिवस हात लावला नाही तरी परत सुरू करता येईल असा गेम सुचवा

वाइंडिंगवाला (फैजपूर), जुलै

नमस्कार मंडळी. फैजपूरला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, वय ४३. पाऊस लागलाय, शेतातल्या मोटारी बंद आहेत, त्यामुळे रात्री नऊनंतर तासभर माझा स्वतःचा असतो. पुढचा गेम कोणता घ्यावा यावर आठवडाभर नुसतं यादीवर खाली-वर करून राहिलोय. म्हटलं, खेळणाऱ्यांनाच विचारावं.

आधी माझं थोडं सांगतो, म्हणजे तुम्हाला सुचवायला सोपं जाईल. लहानपणी घरी टीव्ही गेम होता, पिवळ्या कॅसेटवाला. कॉन्ट्रा आणि मारिओ. कॉलेजात असताना भुसावळच्या सायबर कॅफेत रोड रॅश आणि व्हाइस सिटी. मग दुकान, लग्न, मुलगी. पंधरा वर्षं काहीच नाही. दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या भाच्याने नवा लॅपटॉप घेतला आणि जुना मला दिला. १०५० चं ग्राफिक कार्ड, ८ जीबी रॅम. बॅटरी फक्त वीस मिनिटं धरते, पण इन्व्हर्टर आहे, त्यामुळे लाइट गेल्याची अडचण नाही.

भाच्याने पहिल्याच दिवशी पोर्टल टाकून दिला, २००७ चा. म्हणाला, मामा, यात मारामारी नाही, डोकं आहे. भिंतीवर एक भोक निळं, एक नारिंगी, एकातून शिरायचं आणि दुसऱ्यातून निघायचं, एवढाच सगळा खेळ. उंचावरून जमिनीवरच्या भोकात उडी टाकली की ज्या वेगाने पडलो त्याच वेगाने भिंतीतल्या भोकातून बाहेर फेकले जातो, हे मला जिथे पहिल्यांदा कळलं ती खोली अजून डोळ्यांसमोर आहे. तीन रात्री तिथे अडकलो होतो. चौथ्या दिवशी दुकानात कॉइल भरताना हात थांबला आणि उत्तर सुचलं. पोऱ्याला म्हटलं, तू सांभाळ, आणि घरी गेलो. पोर्टल २ पण झाला.

मग फायरवॉच. अमेरिकेतलं वायोमिंगचं जंगल, १९८९ साल, टेहळणीच्या मनोऱ्यावर एकटा माणूस, आणि वॉकीटॉकीवर एक बाई. चार-पाच तासांत संपतो. शेवट झाल्यावर दोन दिवस रुखरुख लागून राहिली. कोणाला तो शेवट आवडत नाही म्हणे. मला पटला.

स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा गेम मीच विकत घेतला, पण तो आता बायकोचा आहे. तिचं माहेर रावेर तालुक्यातलं, घरची केळी. मी पहिल्या वर्षाच्या पावसाळ्यापाशी... म्हणजे त्यात पावसाळा नाही, चारच ऋतू आहेत, प्रत्येकी २८ दिवसांचे. तर शरद ऋतूपाशी मी सोडला आणि तिने नव्याने सुरू केला. आता ती बेटावर पोचून केळीचं रोप घेऊन आली आहे. तिथे २८ दिवसांत झाड मोठं होतं आणि मग रोज एक फळ. आपल्याकडे लावल्यापासून वर्ष जातं तेव्हा घड कापायला येतो, आणि घड कापला की ते खोड संपलं, पुढचं पीक पिलावर. हा फरक ती मुलीला समजावून सांगत होती तेव्हा मी दारात उभा राहून ऐकलं. तो गेम तिच्याकडेच राहू दे.

आता खरी अडचण. गेल्या हिवाळ्यात विचर ३ घेतला, राक्षस मारणाऱ्या माणसाची लांबलचक गोष्ट. सगळे म्हणतात एकदा खेळाच. सुरुवात फार आवडली. त्यातल्या बॅरनची, म्हणजे एका सरदाराची, बायको आणि मुलगी शोधायच्या कामापर्यंत आलो होतो. मार्च लागला. मार्च ते जून माझ्याकडे श्वास घ्यायला वेळ नसतो. पाणी खोल जातं, व्होल्टेज पडतं, मोटारी जळतात, आणि शेतकऱ्याची केळी उन्हात उभी असते, त्याला उद्या या म्हणता येत नाही. काही रात्री दुकानातच झोपतो. जूनमध्ये परत विचर उघडला तर कुठला मंत्र कुठल्या बटनावर, कुठलं औषध कशासाठी, आपण या गावात का आलो, काहीच आठवेना. दोन रात्री प्रयत्न केला, बंद केला. जीव तुटला, कारण खेळ चांगला आहे हे कळत होतं.

दुकानातली पोरं बीजीएमआय खेळतात, मोबाइलवरचा गोळीबाराचा ऑनलाइन गेम. मला तो वेग झेपत नाही आणि मधूनच उठता येत नाही. गिऱ्हाईक आलं की मला उठावंच लागतं.

मला नेमकं काय आवडतं ते माझ्या कामातूनच सांगतो. जळालेली मोटार आली की उघडल्यावर मी लगेच तार काढत नाही. आधी नुसता बघतो. सगळ्या कॉइल सारख्या काळ्या पडल्या असतील तर लोड जास्त झाला किंवा व्होल्टेज कमी होतं. स्टार जोडणीची मोटार असेल आणि दोन फेजच्या कॉइल जळाल्या, एका फेजच्या जशाच्या तशा पिवळ्या राहिल्या, तर एक फेज गेलेला असताना मोटार चालत राहिली. डेल्टा ही दुसरी जोडणी असेल तर उलटं, एकच जळते, दोन वाचतात. एकाच जागी ठिणगीचा डाग असेल तर तिथलं इन्सुलेशन फाटलेलं. शेतकरी म्हणतो, काही नाही हो, आपोआप जळाली. मोटार मात्र सगळं सांगते. ते वाचायला मला अजूनही, वीस वर्षांनंतर, आवडतं. मग डाटा घ्यायचा, म्हणजे किती टर्न (तारेचे वेढे), कितीचा गेज (तारेची जाडी), पीच किती (कॉइल किती खाचांवर पसरते), सगळं वहीत उतरवायचं. त्यानंतरच तार काढायची.

तर असा गेम हवा. डोकं लागेल, घाई नसेल, कुठेही सोडता येईल, आणि वीस दिवसांनी आलो तरी मी तिथला माणूस राहीन. इंग्रजी वाचता येतं, पण सावकाश. मुलगी आठवीत आहे, ती भरभर वाचते, कधीकधी शेजारी बसते.

घाटरस्ता (धुळे)

भाऊ, युरो ट्रक सिम्युलेटर २. २०१२ चा आहे, तुमच्या लॅपटॉपवर लोण्यासारखा चालेल.

माझे वडील मुंबई-आग्रा रोडवर तीस वर्षं ट्रक चालवायचे. मी चालवला नाही, मी बँकेत. पण रात्री एक माल उचलायचा, पाच-सहाशे किलोमीटर जायचं, पोचवायचा, बंद. गोष्ट नाही, त्यामुळे विसरण्यासारखंही काही नाही. झोप आली की गाडी कडेला लावून विश्रांती घ्यावी लागते, सिग्नल मोडला की दंड. आणि एक गोष्ट सांगतो, ब्रिटनमध्ये उतरलात की गाड्या डावीकडून. युरोपात दोन महिने उजवीकडून चालवून मी पहिल्यांदा तिकडे गेलो तेव्हा एकदम घरी आल्यासारखं वाटलं. वडिलांना शेजारी बसवलं होतं. त्यांनी आरसा कसा बघायचा ते सांगितलं, आणि वळणावर ट्रेलरचं मागचं चाक आत कापतं ते खरंच तसंच आहे म्हणाले.

तुमच्या मोटारीसारखं शोधकाम त्यात नाही, हे खरं. पण वीस दिवसांच्या अटीत याच्याइतका चोख कोणी बसणार नाही. एकदाव खेळी दखा.

तोरणमाळ (नंदुरबार)

दादा, मी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. ड्युटी आणि परीक्षा यामुळे माझीही तुमच्यासारखीच गत होते, म्हणून मी लहान गेम घेते. एका-दोन रात्रीत संपले की विसरायचा प्रश्नच नाही.

अ शॉर्ट हाइक, २०१९ चा. एका पक्षिणीला डोंगराच्या माथ्यावर जायचं आहे, कारण खाली फोनला रेंज नाही. बस. आमच्याकडे वर चढल्याशिवाय फोन लागत नाही अशी कितीतरी गावं आहेत, मला ते पाच मिनिटांत समजलं. दोन तासांत संपतो, पण मी रेंगाळत चार तास खेळले.

दुसरा वेंबा, २०२३ चा. १९८० च्या दशकात कॅनडाला गेलेलं तामिळ कुटुंब. आईच्या हाताची पाककृतींची वही फाटलेली आहे, काही ओळी पुसल्यात, आणि गाळलेली पायरी कोणती ते तुम्ही ओळखायचं. पहिलीच इडली आहे. माझी आजी बघत होती. तिला वाचता येत नाही, पण इडलीपात्राच्या ताटल्या कशा बसवायच्या ते तिने मला सांगितलं आणि ते बरोबर निघालं. पुढे मुलगा मोठा होतो आणि आईशी तिच्या भाषेत बोलेनासा होतो. मी घरी अहिराणी आणि हॉस्टेलवर मराठी बोलते, त्यामुळे तो भाग मला जड गेला. दीड तासाचा आहे. वहिनींना आणि मुलीला घेऊन खेळा.

रनिंगरूम (भुसावळ)

बालाट्रो. २०२४ चा, एकट्या माणसाने बनवलेला. मोबाइलवरही मिळतो.

मी रेल्वेगाडीवर असतो, ड्युटी संपली की रनिंग रूममध्ये, म्हणजे गाडीवाल्यांच्या विश्रांतीच्या खोलीत, आठ तास. झोप लागेपर्यंत एक डाव. बावन्न पत्ते, पोकरचे हात, आणि जोकर असे की प्रत्येक जोकर नियमच बदलून टाकतो. कुठेही बंद करा, डाव जिथल्या तिथे राहतो. दर वेळी नव्याने सुरुवात असल्यामुळे महिन्याने आलात तरी काही अडत नाही.

पत्ते म्हटल्यावर घरच्यांच्या मनात शंका येते, म्हणून स्पष्ट लिहितो: यात डावावर एक रुपयाही लावायचा नसतो. एकदा विकत घेतला की झालं. आमच्यातल्या एकाने रमीच्या ॲपवर दोन वर्षांत बायकोचे दागिने घालवले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाला तेव्हा त्याच्या घरात देवापुढे दिवा लावला होता. तो आणि हा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण झोपेची वेळ ठरवून घ्या. एक डाव म्हणता म्हणता मी दोनदा कॉल-बॉय, म्हणजे ड्युटीला उठवणारा माणूस, येईपर्यंत जागा होतो. आता मी तसं करत नाही, पुढे गाडी चालवायची असते.

औषधवाला (जळगाव)

बाकी सगळं बाजूला ठेवा. तुमची ती जळालेल्या मोटारीची गोष्ट दोनदा वाचली. तुमच्यासाठी एकच गेम आहे: रिटर्न ऑफ द ओब्रा डिन. २०१८ चा, लुकास पोपचा. पेपर्स, प्लीज हाही त्याचाच, पण तो नंतर.

काय आहे ते सांगतो, गोष्ट फोडत नाही. १८०२ मध्ये लंडनहून पूर्वेकडे निघालेलं मालवाहू जहाज हरवतं. १८०७ मध्ये ते आपणहून इंग्लंडच्या फाल्मथ बंदरात येऊन लागतं. वर जिवंत माणूस नाही. तुम्ही ईस्ट इंडिया कंपनीच्या विम्याचा तपासनीस. हातात एक खिशातलं घड्याळ आणि एक वही. सांगाड्यापाशी घड्याळ उघडलं की आधी अंधारात काही सेकंद नुसते आवाज ऐकू येतात, शब्द खाली लिहून येतात, आणि मग तो माणूस मेला तो क्षण गोठलेला दिसतो. त्यात तुम्ही फिरायचं. कोण कुठे उभं आहे, कोणाच्या हातात काय आहे, कोण दाराआडून बघतंय. काहीच हलत नाही. बघायला वेळ हवा तेवढा.

जहाजावर ६० माणसं होती. प्रत्येकाचं नाव काय आणि त्याचं काय झालं, हे वहीत लिहायचं. तीन जणांचं सगळं बरोबर झालं की वही ते पक्कं करून छापते. एकेकाचं सांगत नाही, म्हणजे अंदाजाने ठोकून चालत नाही. सगळं काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांत काढलंय, जुन्या संगणकाच्या पडद्यासारखं. पहिली दहा मिनिटं डोळ्यांना खटकेल, मग विसराल.

तुम्ही लिहिलंत ना, शेतकरी म्हणतो आपोआप जळाली आणि मोटार सगळं सांगते. हा गेम म्हणजे नेमकं तेच. कोणी तुम्हाला काही सांगत नाही. कपडे, बिछाना, सोबत कोण बसतं, कोण कोणाला काय म्हणून हाक मारतो, यावरून काढायचं. खलाशांच्या यादीत हिंदुस्थानातलेही आहेत. मला एकेकाचं नाव कळलं तेव्हा मी दुकानात, काउंटरच्या मागे, मोठ्याने 'हो' म्हणालो होतो.

एकच: रक्त आहे, मरणं वाईट आहेत. मुलीला दाखवण्याआधी प्रत्येक दृश्य आधी स्वतः बघा.

घ्यायची भीती वाटत असेल तर स्टीमचा, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाचा, नियम आहे, घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मिळतात. दोन तासांत तुम्हाला कळेल.

तापीकाठ (शिरपूर)

औषधवाले काका, ओब्रा डिन ग्रेट आहेच, पण या दादांच्या अटीत तो बसत नाही असं मला वाटतं. मी सेमिस्टरच्या मध्ये दोन आठवडे सोडला आणि परत आलो तेव्हा सगळे चेहरे एकमेकांत मिसळले होते. तो सलग चार-पाच रात्रींत खेळायचा गेम आहे. सोडून सोडून खेळलात तर त्याची मजा जाते.

आणि विचर एवढ्यात सोडू नका. गेम लोड होताना गोष्ट कुठपर्यंत आली ते सांगणारा निवेदक आहे. आपण ते घाईघाईत पुढे ढकलतो. जर्नलमध्ये प्रत्येक कामाची हकीकत आहे. अवघडपणा सगळ्यात खाली करा, औषधं-मंत्र विसरलात तरी चालेल, गोष्ट पुरी होईल. बॅरनचं पुढे काय होतं ते तुम्ही बघायलाच हवं.

पुण्यात बनलेला राजी पण आहे, २०२० चा. भावाला शोधणारी मुलगी, राजस्थानी महाल, गोष्ट सावल्यांच्या बाहुल्यांमधून पुढे सरकते. लढाई आहे, पण लहान आहे. तुमच्या मुलीला आवडेल.

औषधवाला (जळगाव)

शिरपूरकर, तुमचं चेहऱ्यांचं म्हणणं खरं आहे, माझंही झालं. पण त्यांच्या दुकानात शंभर मोटारींचा डाटा वहीत असतो हे विसरू नका. ज्याला टिपून ठेवायची सवय आहे त्याच्यासाठी मधलं अंतर एवढं मोठं नाही. आणि गेममधली वही पाहिलेलं प्रत्येक दृश्य जपून ठेवते.

वाइंडिंगवाला (फैजपूर)

सगळ्यांचे आभार. ओब्रा डिन घेतला. वेंबा पण घेतला, तो रविवारी आम्ही तिघांनी मिळून खेळलो आणि शेवटाला बायको उठून सासूबाईंना फोन लावायला गेली, म्हणजे तिच्या आईला. नंदुरबारच्या ताई, तुमचे विशेष आभार.

धुळेकर भाऊ, ट्रक डिसेंबरच्या सेलसाठी लिहून ठेवलाय. रनिंगरूम, बालाट्रो मी घेणार नाही. माझा स्वभाव मला माहीत आहे, मी डाव सोडणार नाही.

ओब्रा डिन सव्वा तास खेळलो. अजून काही सांगता येत नाही. पहिले तीन पक्के झाले तेव्हा जो आवाज आला, त्याने झोप उडाली.

वाइंडिंगवाला (फैजपूर), सप्टेंबर

दीड महिन्याने लिहितोय. शिरपूरच्या मित्राने अटीबद्दल शंका काढली होती, तिचं उत्तर आलं आहे म्हणून.

ऑगस्टमध्ये पावसाने ओढ दिली. कापूस माना टाकायला लागला, केळीला पाणी सुरू झालं, आणि दोन महिने बंद पडलेल्या मोटारी एकदम चालू झाल्यावर जे होतं ते झालं. ओल धरलेल्या वाइंडिंग, जाम झालेली बेअरिंग. पहिल्या तीन दिवसांत अकरा मोटारी आल्या. १८ दिवस लॅपटॉपला हात लागला नाही. तेव्हा ६० पैकी २१ जण पक्के झाले होते.

परत बसलो त्या रात्री आधी काहीच खेळलो नाही. नुसती वही उघडली, जहाजाचा नकाशा, माणसांची यादी, आणि जहाजावरच्या चित्रकाराने काढलेली सगळ्यांची चित्रं. तासभर पानं उलटली. शिरपूरकर, चेहरे माझेही मिसळले होते, तुम्ही म्हणालात तसंच. पण मिसळलेले चेहरे परत वेगळे करणं हाच मला खेळाचा भाग वाटला. सलग खेळत होतो तेव्हा मी एका माणसाला पहिल्या रात्री जे नाव देऊन बसलो होतो ते डोक्यात घट्ट झालं होतं, आणि त्यावर मी आणखी तीन नावं उभी केली होती. १८ दिवसांनी कोऱ्या नजरेने बघितलं तर कळलं की पहिलंच चुकलंय. दुकानात हे मी पोऱ्याला रोज सांगतो. शेतकऱ्याने जे सांगितलं ते डोक्यात ठेवून मोटार उघडू नको.

अडचणही सांगतो, म्हणजे पुढे घेणाऱ्यांना कळेल. काही माणसं त्यांच्या बोलण्याच्या ढबीवरून ओळखायची आहेत. हा स्कॉटलंडचा, हा आयर्लंडचा. ते आम्हाला जमेना. मुलीचं इंग्रजी चांगलं आहे, पण शाळेत अशा ढबी कोण शिकवतो? आपल्याकडे यावलचा आणि साक्रीचा माणूस तोंड उघडताच ओळखू येतो, तसं त्यांना ते असणार. आवाज पाच-पाच वेळा ऐकले. शेवटी तो नाद सोडला आणि दुसरी वाट धरली. जिथे आवाज चालत नव्हता तिथे कोण कोणासोबत जेवतो, कोणाच्या अंगावर कोणता कोट आहे, कोणाचा बिछाना कुठे टांगलाय, यावरून निघालं. एका गोष्टीला दोन-दोन वाटा ठेवल्या आहेत, हे मला फार भावलं.

मुलीला मी सगळी दृश्यं दाखवत नाही. आधी मी एकटा बघतो. काही अजिबात दाखवण्यासारखी नाहीत. पण यादी आणि चित्रं तिच्याकडे आहेत, ती तिने एका शंभर पानी वहीत उतरवली आहेत, नाव, देश, काम, आणि समोर रिकामी जागा. तुमच्या वहीसारखंच आखलंय पप्पा, म्हणाली. टर्न, गेज, पीच यांच्या जागी तिचे रकाने.

परवा रात्रीची गोष्ट. एका शांत दृश्यात माणसं झोळ्यांमध्ये झोपली आहेत. तोंडं दिसत नाहीत, पांघरुणं आहेत. मी तीन रात्री त्या झोळ्यांमधून फिरत होतो, वाकून, मागून, खालून. त्यात दाखवायला हरकत नव्हती म्हणून तिला बोलावलं. ती बसली, माऊस घेतला, सावकाश एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेली. परत आली. मग पडद्यावर बोट ठेवलं.

'पप्पा, याचे पाय बघा.'

मी तोंडंच बघत होतो. पुढचं सांगत नाही, खेळणाऱ्यांसाठी ठेवतो. तिने वहीत पाहिलं, चित्रात पाहिलं, एक नाव सांगितलं. मग दुसरं. तिसऱ्यावर आमचा वाद झाला, ती म्हणे हा, मी म्हणे तो. तिचं लिहिलं. तिन्ही पक्के झाले.

आता ४२ झालेत. १८ उरलेत. आज पुन्हा पाऊस पडतोय, मोटारी बंद होतील असं दिसतंय.

औषधवाला (जळगाव)

त्या पायांपाशी मी आठवडाभर अडकलो होतो, शेवटी इंटरनेटवर बघितलं. तुमच्या मुलीला माझा नमस्कार सांगा. उरलेल्या १८ मध्ये तीन-चार फार अवघड आहेत. बघू नका इंटरनेटवर, मी बघितलं त्याचं अजून वाईट वाटतं.

तापीकाठ (शिरपूर)

दादा, मान्य. मी परत सुरू करतोय, पहिल्यापासून, या वेळी कागद-पेन घेऊन. बॅरनचं मात्र विसरू नका.

वाइंडिंगवाला (फैजपूर)

विसरलो नाही. विचर अजून लॅपटॉपवर आहे, काढला नाही. लोड होताना तो निवेदक काय बोलतो ते काल पूर्ण ऐकलं. बॅरनपाशीच आहे मी अजून. हे जहाज संपलं की तिकडे जाईन. लॅपटॉप आत्ता बायकोकडे आहे, तिची केळी लागलीत.